एकाच गाडीत दोन कायदे: सूर्या नदीच्या पुलावरचा अपघात आणि मागच्या सीटचा पट्टा

घटना

४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. पारशी समाजाचं तीर्थस्थान असलेल्या उदवाड्याहून चार जण मर्सिडीज जीएलसी गाडीतून मुंबईकडे परतत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीच्या जवळ सूर्या नदीचा पूल लागतो. त्या पुलाच्या कठड्यावर गाडी आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे स्नेही जागीच गेले. मिस्त्री ५४ वर्षांचे होते. पुढे गाडी चालवणाऱ्या डॉक्टर आणि शेजारी बसलेले त्यांचे पती गंभीर जखमी झाले, पण वाचले.

पोलिसांनी पहिल्या एक-दोन दिवसांतच सांगितलं की मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडीतल्या नोंदी तपासून कंपनीने पोलिसांना जो प्राथमिक अहवाल दिला, त्यातले आकडे वर्तमानपत्रांतून आले: धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर, मग ब्रेक दाबला गेला आणि प्रत्यक्ष धडकेच्या वेळी वेग ताशी ८९ किलोमीटर.

हे प्रकरण मी एवढ्यासाठी निवडलं की यात तुलना करायला वेगळा अपघात शोधावा लागत नाही. गाडी एक, कठडा एक, वेग एक, क्षणही एकच. फरक पुढच्या आणि मागच्या सीटचा. पुढच्या सीटवर आपल्याकडे पट्ट्याचा कायदा निदान जाणवण्याइतका चालतो. मागच्या सीटवर तो कागदावरच आहे, म्हणजे व्यवहारात तिथे ज्याची त्याची मर्जी चालते. सक्ती असावी की मर्जी, या वादाचे दोन्ही पक्ष त्या दुपारी एकाच गाडीत बसलेले होते. चार माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून पुढे आकड्यांकडेही जाऊ. पण आधी त्या धडकेत काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘माझा जीव, माझी मर्जी’ हे वाक्य तिथेच तपासून पाहता येतं.

धडकेच्या क्षणी

ताशी ८९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २५ मीटर. एवढा वेग यायला माणसाला साधारण ३१ मीटरवरून खाली पडावं लागेल. ही दहा मजली इमारतीची उंची झाली. दहाव्या मजल्याच्या गच्चीच्या टोकाशी कुणी निवांत गप्पा मारत बसणार नाही. पण त्याच वेगाने धावणाऱ्या गाडीत मागे रेलून बसताना शरीराला धोक्याची काहीच जाणीव होत नाही. एसी चालू असतो, काचा बंद असतात, गाडी जितकी महाग तितका वेग कमी वाटतो.

गाडी भिंतीवर आदळली की तिचा पुढचा भाग चुरगळतो. तो चुरगळावा अशीच त्याची रचना असते, म्हणजे थांबायला गाडीला थोडं अंतर आणि सेकंदाचा एखादा तुकडा जास्त मिळतो. पट्टा लावलेला माणूस गाडीला बांधलेला असतो, त्यामुळे ते अंतर त्यालाही मिळतं. पट्टा किंचित ताणतो, मार छाती, खांदा आणि कमरेच्या हाडांवर वाटला जातो. बरगड्या मोडतील, पण थांबणं एका फटक्यात होत नाही. पट्टा नसलेला माणूस गाडी थांबत असतानाही मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि समोर जे काही येईल त्यावर थांबतो, तेही काही इंचांत. मागच्या प्रवाशासाठी समोर येते ती पुढच्या सीटची पाठ. आणि त्या सीटवर कुणीतरी बसलेलं असतं.

जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या हजारो अपघातांच्या नोंदी तपासून २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. मागचा प्रवासी बिनपट्ट्याचा असेल तर पुढे पट्टा लावून बसलेल्या माणसाच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात दिसलं. सत्तर किलोचं शरीर त्या वेगाने पाठीमागून येतं, तेव्हा पुढच्याने स्वतःची सगळी काळजी घेतलेली असूनही तिचा उपयोग राहत नाही. मर्जी मागच्याची आणि किंमत पुढच्याचीही, असा हा हिशोब आहे. माझ्या मते सक्तीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत तो फारसा येतच नाही. चर्चा होते ती दंडाची आणि पोलिसांची.

कायदा होताच

अपघातानंतर दोनच दिवसांत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केलं की आता मागच्या प्रवाशांनीही पट्टा लावला नाही तर दंड होईल. बातम्या अशा रंगल्या की जणू नवा नियम आला. प्रत्यक्षात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १३८ च्या तिसऱ्या पोटनियमात, चालक, त्याच्या शेजारचा आणि मागच्या समोर तोंड असलेल्या सीटवरचे प्रवासी या सगळ्यांनी गाडी चालू असताना पट्टा लावायचा, असं आधीपासून लिहिलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं आणि दंड हजार रुपये झाला. त्याआधी तो शंभर रुपये होता.

मग मागचे पट्टे लावले का जात नव्हते? कारण तो नियम आहे हे कुणी कुणाला जाणवूच दिलं नव्हतं. पुढच्या सीटसाठी नाक्यावर हवालदार असतो, डॅशबोर्डवर टुंगटुंग वाजणारा इशारा असतो आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कानावर पडलेली चार वाक्यं असतात. मागच्या सीटसाठी यातलं काहीच नव्हतं. उलट तिथे एक वेगळीच रीत चालत आलेली आहे. मागची सीट मानाची. साहेब मागे बसतात, आजी-आजोबा मागे बसतात, नवरा-नवरी मागे बसतात. तिथे पट्टा ओढायला गेलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “अहो, मागे कशाला?” कधी ड्रायव्हरलाच वाटतं की याचा माझ्या हातावर भरवसा नाही. भाड्याच्या गाड्यांत तर कित्येकदा पट्ट्याची खाच सीट कव्हरखाली गडप झालेली असते. बोटांनी चाचपून ती बाहेर काढणारा प्रवासी विचित्र ठरतो.

म्हणून मला ‘वैयक्तिक निवड’ हे शब्द इथे लागू पडतात असं वाटत नाही. निवड म्हणजे दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला निर्णय. मागच्या सीटवर बहुतेकदा निर्णय असा होतच नाही. आजूबाजूचे जे करतात ते आपण करतो. ज्याने खरोखर विचार करून, धोका समजून पट्टा नाकारला आहे असा माणूस मला अजून भेटायचा आहे. न लावणारे मात्र रोज भेटतात.

आठ वर्षांपूर्वीचं आणखी एक नाव

हे पहिल्यांदाच घडलं असतं तर डोळे उघडले नव्हते असं म्हणता आलं असतं. पण ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, तेही मागच्याच सीटवर. केंद्रात ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. विमानतळाकडे निघालेल्या त्यांच्या गाडीला चौकात दुसऱ्या गाडीने बाजूने धडक दिली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. मानेचा मणका आणि यकृत यांना आतून जबर इजा झाली होती. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. तेव्हाचे आरोग्य मंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी त्यानंतर जाहीरपणे हळहळ व्यक्त केली की मागचे पट्टे नुसते शोभेचे असतात या गैरसमजापायी आपण एक मित्र गमावला.

परळीत त्या दिवसांत उसळलेली गर्दी अनेकांना आठवत असेल. एवढा मोठा नेता, एवढं स्पष्ट कारण, आणि बोलणारा स्वतः डॉक्टर असलेला आरोग्य मंत्री. सवय बदलायला याहून मोठा धक्का कोणता हवा होता? तरीही आठ वर्षांनी तीच सीट आणि तोच न लावलेला पट्टा. जनजागृतीने काम भागेल, सक्ती कशाला, असं म्हणणाऱ्यांनी २०१४ ते २०२२ हा काळ नीट पाहावा. जागृती दुखवट्याइतकीच टिकली.

आता आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता: ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. आदल्या वर्षीचा आकडा १६,३९७ होता. पट्टा असता तर हे सगळे वाचले असते, असा याचा अर्थ नाही. पट्ट्याने पुढच्या सीटवर मृत्यूचा धोका साधारण निम्म्याने घटतो, मागच्या सीटवर साधारण एक चतुर्थांशाने, असं जगभरचे अभ्यास सांगतात. मागचा फायदा कमी दिसतो, कारण मागची जागा मुळातच थोडी सुरक्षित असते. तरीही त्या हजारोंमधून वाचू शकली असती अशी माणसं मोजायला घेतली तर ती काही गावांच्या लोकसंख्येएवढी होतील, दरवर्षी.

विरोधातले मुद्दे

सक्तीला विरोध करणारे सगळे बेफिकीर असतात असं मी मानत नाही. त्यांच्या म्हणण्यात दम आहे, विशेषतः दोन मुद्द्यांत.

पहिला मुद्दा स्वातंत्र्याचा. माझ्या शरीराचं काय करायचं ते सरकारने का सांगावं? पुण्यात २०१९ च्या सुरुवातीला हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही हीच हाक होती. गावातल्या गर्दीत वेग किती असतो, डोकं आमचं, हायवेला घालू की! हेल्मेट आणि पट्टा आपण एकाच दमात बोलतो, पण मला त्यांत मोठा फरक दिसतो. हेल्मेट न घालणारा प्रामुख्याने स्वतःचंच डोकं पणाला लावतो. तिथे स्वातंत्र्याचा दावा निदान समजू शकतो, जरी घरची माणसं आणि सरकारी इस्पितळातली खाट हा खर्च शेवटी इतरांवर येतोच. मागच्या सीटवरचा बिनपट्ट्याचा प्रवासी मात्र पुढच्याच्या जिवावर उठतो, नकळत का होईना. आपल्या कृतीने दुसऱ्याला इजा होत असेल तर तिथे आपलं स्वातंत्र्य संपतं, हे तत्त्व स्वातंत्र्यवाद्यांचंच आहे.

कायद्याने बदल घडवायचा की समजुतीने, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. विवाहित मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर टिळक आणि आगरकर समोरासमोर होते. मिल आणि स्पेन्सर या इंग्लिश विचारवंतांच्या विचारांवर वाढलेले, व्यक्तिस्वातंत्र्यासाठी आयुष्यभर झगडलेले आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले, कारण प्रश्न दुसऱ्याच्या जिवाचा होता. पट्ट्याच्या प्रश्नाला त्याची सर येत नाही, हे उघड आहे. पण व्यक्तिस्वातंत्र्य मानणाऱ्याने प्रत्येक सक्तीला विरोध केलाच पाहिजे असं नाही, एवढं त्या उदाहरणावरून कळतं.

पट्ट्यामुळे माणूस निर्धास्त होऊन गाडी जास्त बेफाम हाकतो, असाही एक युक्तिवाद आहे. ब्रिटनमध्ये १९८३ साली पुढच्या सीटची सक्ती आली, त्या सुमारास भूगोलाचे प्राध्यापक जॉन ॲडम्स यांनी तो आग्रहाने मांडला. चालकाबाबत त्यावर वाद घालता येईल. मागचा प्रवासी गाडी चालवतच नाही, त्यामुळे त्याच्या पट्ट्याबाबत हा मुद्दा मला फार ताणलेला वाटतो. गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर पट्ट्यात अडकू, ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. असे अपघात फार थोडे, आणि त्यांतही बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं.

दुसरा मुद्दा, म्हणजे दोष रस्त्याचाही असतो हा, मात्र खरोखर जड आहे. सूर्या नदीच्या या पुलावर महामार्गाच्या तीन मार्गिकांच्या दोन होतात. पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेच्या मार्गिकेत पुढे आलेला होता. न्यायवैद्यक तपासणी करणाऱ्या पथकानेही पुलाच्या रचनेतल्या या दोषावर बोट ठेवलं. गाडीतल्या वाचलेल्या प्रवाशाने पोलिसांना दिलेल्या जबाबात सांगितल्याचं छापून आलं की पुढची गाडी मधल्या मार्गिकेत गेली, यांनाही जायचं होतं, पण तिथे ट्रक होता. ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला रस्ता आवळतोय हे पुरेसं आधी कळलं नाही, तर तो करणार काय? वेगाची जबाबदारी चालकाची आहेच, आणि पुढे पोलिसांनी त्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवलाही. पण कठडा तिथे कुणी चालकाने आणून ठेवलेला नव्हता.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरी, चारोटी, मनोर, वसई या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा रस्ता किती जीव घेतो ते कुणी सांगायला नको. त्यातले बहुतेक कारवाले नसतात. दुचाकीवाले असतात, रस्ता ओलांडणारे असतात, टेम्पोच्या हौद्यात उभे राहून कामावर निघालेले मजूर असतात. त्यांना लावायला पट्टाच नाही. त्यांच्यापैकी कुणी गेलं तर मंत्रालयातून घोषणा होत नाही. सरकार पट्ट्याची सक्ती करतं आणि कठडा तसाच ठेवतं तेव्हा लोकांना ती सक्ती म्हणजे जबाबदारी ढकलणं वाटते. तसं वाटण्यात त्यांची चूक नाही. माझं म्हणणं एवढंच की रस्ता वाईट असणं हे पट्टा न लावण्याचं कारण होऊ शकत नाही. रस्ता जितका वाईट, तितकी पट्ट्याची गरज जास्त. नागरिकाने दोन्ही मागण्या एकाच वेळी कराव्यात आणि एकीच्या आडून दुसरी टाळू देऊ नये.

अपघातानंतर काय बदललं

त्याच महिन्यात केंद्राने मागच्या सीटच्या पट्ट्यासाठी इशाऱ्याचा आवाज गाड्यांत बसवण्याच्या नियमाचा मसुदा काढला. पट्टा न लावता इशारा बंद पाडण्यासाठी जी क्लिप मिळते, तिच्यावरही नजर गेली. ही क्लिप म्हणजे नुसती पट्ट्याची जीभ. ती खाचेत खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लागला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकायला मनाई केली, आणि तेरा हजारांहून जास्त जाहिराती उतरवल्या गेल्या. पैसे देऊन विकत घेतलेली ही बेफिकिरी पाहून मला फार वाईट वाटतं. इथे मात्र खरी निवड आहे, आणि ती कायद्याने बंद केली हे योग्यच झालं.

मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा बंधनकारक असल्याचं जाहीर केलं, मग काही दिवसांची सवलत दिली. टॅक्सीचालकांच्या संघटनांनी लगेच हरकत घेतली. जुन्या काळी-पिवळी टॅक्सीत मागे पट्टेच नाहीत, ते बसवायचे कुणी आणि कोणाच्या पैशाने? त्याहून खोचक प्रश्न दंडाचा होता. कलम १९४ ब पट्टा न लावलेल्या प्रवाशाला घेऊन जाणाऱ्याला, म्हणजे चालकाला, दंड करतं. दादरला एखादे साहेब टॅक्सीत बसले, पट्टा लावायला नाही म्हणाले, आणि माहीमला पोलिसाने थांबवलं, तर हजार रुपये टॅक्सीवाल्याच्या दिवसाच्या कमाईतून जाणार. साहेब दुसरी टॅक्सी पकडून निघून जाणार. नोकरीवर ठेवलेल्या ड्रायव्हरची अवस्था तर आणखी अवघड. मालकाला “साहेब, पट्टा लावा” हे तो किती वेळा म्हणू शकतो?

मला या प्रकरणातून सगळ्यात मोठी त्रुटी दिसते ती इथे. ब्रिटनमध्ये चौदा वर्षांपुढचा प्रवासी स्वतःच्या पट्ट्याला स्वतः जबाबदार असतो, दंड त्यालाच होतो. लहान मुलांची जबाबदारी चालकावर राहते. आपल्याकडे सक्तीचा सगळा भार गाडीतल्या ज्या माणसाला नाही म्हणायची ताकद सर्वांत कमी, त्याच्यावर टाकलेला आहे. त्यामुळे मागच्या सीटवर बसणाऱ्याला कायदा कधी स्वतःला लागू आहे असं वाटतच नाही. कलम १९४ ब मध्ये सज्ञान प्रवाशाचा दंड प्रवाशाकडूनच घ्यायची दुरुस्ती व्हायला हवी. पावती त्याच्या मोबाइलवर गेली पाहिजे. ओला-उबरच्या गाड्यांत प्रवासी कोण आहे याची नोंद असतेच. परवाना देताना आणि नूतनीकरणाच्या वेळी मागच्या खाचा सीट कव्हरच्या वर आहेत का, एवढं तपासायला आरटीओला वेगळं काहीच लागत नाही. आणि ही दुरुस्ती होईपर्यंत प्रवाशाने पट्टा लावल्याशिवाय गाडी न हलवण्याचा हक्क टॅक्सीचालकाला लेखी मिळावा. भाडं नाकारलं म्हणून त्याच्यावर तक्रार आली, तर हे कारण ग्राह्य धरलं जाईल असं परिवहन विभागाने एका परिपत्रकाने सांगितलं तरी पुरे.